वासराचा वाटा

आश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस. दीपावलीचा पहिला दिवा मराठी घरात लागतो तो गायीसाठी, आणि आपल्या पूर्वजांनी पूजा सांगितली ती सवत्स धेनूची. पायाशी वासरू नसलेली गाय त्या दिवशीच्या पूजेला अपुरीच मानली जाते. व्रतस्थ स्त्रिया त्या दिवशी दूध, दही, ताक, तूप वर्ज्य करतात. या नियमामागचा भाव उघड आहे. निदान आजच्या दिवशी कासेवरचा पहिला हक्क वासराचा. आपल्या भाषेनेही हाच भाव जपला आहे. आईच्या मायेला आपण ‘वात्सल्य’ म्हणतो, तो शब्द ‘वत्स’ या शब्दावरून आला. वत्स म्हणजे वासरू. मनुष्यजातीच्या सर्वांत कोमल भावनेला नाव देताना ज्या संस्कृतीला गोठ्यातले दृश्य आठवले, त्या संस्कृतीचे आपण वारस आहोत.

पालघर आणि बोईसरच्या नव्या गृहसंकुलांतही वसुबारस उत्साहाने साजरी होते. जवळच्या तबेल्यातून कोणी गाय-वासरू प्रवेशद्वाराशी आणून उभे करतो, सुवासिनी रांगेने पूजा करतात, मुले वासराच्या अंगावरून हात फिरवतात. नोकरीनिमित्त गाव सोडून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आलेल्या कुटुंबांनी ही परंपरा टिकवली, याचे कौतुकच केले पाहिजे. प्रश्न आहे तो उरलेल्या दिवसांचा. पूजेचे तबक घरात गेल्यावर ते वासरू कुठे जाते? त्याला दूध किती मिळते? पुढच्या वसुबारसेला ते जिवंत असते काय? गोवंशरक्षणाचा विचार मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे प्रश्न स्वतःला क्वचितच विचारले आहेत.

गोवंशाचा शत्रू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कसायाचा सुरा येतो. परंतु सुऱ्याखाली न येताही वासरे मरतात आणि त्या मृत्यूची नोंद कोणत्याही ठाण्यात होत नाही. शहरालगतच्या तबेल्याचा हिशेब पाहावा. जन्मतः पंचवीस-तीस किलो वजनाच्या वासराला पहिल्या महिन्यात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे रोज अडीच ते तीन लिटर दूध लागते. दुसऱ्या महिन्यात वाढलेल्या वजनाच्या पंधराव्या आणि तिसऱ्या महिन्यात विसाव्या हिश्शाइतके. तीन महिन्यांची बेरीज अडीचशे लिटरच्या घरात जाते. लिटरला ६० रुपये धरले तरी हे दूध १५ हजार रुपयांचे होते. कालवड असेल तर ही रक्कम काही वर्षांनी परत येण्याची आशा असते. गोऱ्हा किंवा रेडकू असेल तर तीही नाही. मग व्यवहार आपला मार्ग काढतो. पान्हा फुटेपर्यंत वासरू कासेला लावायचे, मग ओढून दूर बांधायचे, आणि ते हळूहळू खंगत गेले तर दैवाला बोल लावायचा. ते मेलेच, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून गायी-म्हशीपुढे उभे करायचे, नाहीतर ऑक्सिटोसिनची सुई टोचायची. अपायकारक पदार्थ टोचून दूध वाढविणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील बाराव्या कलमाखाली गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

यात तबेलेवाल्याला खलनायक ठरवून आपली सुटका होणार नाही. भाड्याची जागा, महाग पेंड, विकतचा चारा आणि स्वस्त दुधाचा आग्रह धरणारा ग्राहक या चौकटीत तो उभा आहे. त्या चौकटीची एक बाजू आपण आहोत.

देशाच्या पशुगणनेचे आकडे याच दिशेने बोट दाखवतात. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातील गोवर्गातील माद्यांची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात नरांची, म्हणजे बैल, वळू आणि गोऱ्ह्यांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. निसर्ग तर गोऱ्हे आणि कालवडी जवळपास सारख्याच संख्येने जन्माला घालतो. ट्रॅक्टर आल्याने म्हातारे झालेले बैल पुन्हा घेतले गेले नाहीत, हे खरे. परंतु जन्मलेले गोऱ्हे कुठे गेले, याचे पूर्ण उत्तर त्याने मिळत नाही. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी वैध ठरविली. दीर्घ तपश्चर्येचे ते फळ आहे. मात्र कायदा सुरा रोखू शकतो, दूध पाजू शकत नाही. कायद्याचे काम जिथे संपते तिथे समाजाचे सुरू होते.

या विषयात पालघरचे नाव आजचे नाही. मुंबईच्या दुधाचा प्रश्न सोडविण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तिचे शिल्पकार दारा खुरोडी यांना पुढे १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आटलेली म्हैस कसायाला आणि तिचे पारडू उपासमारीला, हा शहरी तबेल्यांचा जुना रिवाज होता. शहराच्या हद्दीत भाकड जनावर आणि वासरू पोसणे परवडत नाही, त्यासाठी गवताचा प्रदेश हवा, हे जाणत्यांनी ओळखले होते. पालघरला दुग्धविकास खात्याचे गुरांच्या पैदास आणि संगोपनाचे विस्तीर्ण क्षेत्र होते ते याच विचाराने. डहाणू तालुक्यात दापचरीचा दुग्धप्रकल्प झाला, त्याला कुर्झे धरणाचे पाणी मिळाले. मुंबईच्या तबेल्यांना ही पर्यायी भूमी मिळावी, अशी कल्पना होती.

त्या कल्पनेचे पुढे काय झाले, हे जिल्ह्यातील लोक जाणतात. दापचरीच्या गोठ्यांना अवकळा आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि दुग्धविकास खात्याची सुमारे ४४० हेक्टर जमीन नव्या नगरासाठी सिडकोकडे गेली. कोळगावच्या त्या जमिनीवर आज जिल्हा मुख्यालयाच्या देखण्या इमारती उभ्या आहेत. २०२१ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. जिल्ह्याला मुख्यालय हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु वासरांसाठी राखलेली भूमी जेव्हा दुसऱ्या कामाला लागते, तेव्हा वासरांची सोय दुसरीकडे करावी, हा विचार कोणाच्या टिपणीत आला काय? आता या जिल्ह्यातून द्रुतगती महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग आणि बुलेट ट्रेन जात आहे. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. विकासाच्या प्रत्येक रेषेखाली थोडे माळरान जाते. पूर्वी या भागातील गवताच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जात. आज इथल्याच गोठ्याला चारा विकत घ्यावा लागतो.

पाण्याची गोष्ट त्याहून गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर हे देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. इथल्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांना, मांगेला समाज परिषदेला, राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. खाडीतल्या मासळीची बाजू मांडायला मच्छीमार तरी होते. ओहोळावर तोंड लावणाऱ्या वासराची बाजू कोण मांडणार?

भावनेला ज्ञानाची जोड नसेल तर ती दिवाळीपुरतीच उरते. म्हणून वासराच्या पहिल्या नव्वद दिवसांचे शास्त्र प्रत्येक गोप्रेमी कुटुंबाने समजून घ्यावे. ते अवघड नाही.

मानवी अर्भक आईच्या उदरातूनच रोगप्रतिकाराची काही शिदोरी घेऊन येते. वासरू मात्र जवळपास रिकाम्या हातांनी जन्मते. गायीच्या वारेतून ती शिदोरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ती असते चिकात. आणि तो चीक पचवून त्यातील संरक्षक द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेण्याची वासराच्या आतड्यांची शक्ती जन्मानंतर तासागणिक घटते आणि दिवसभरात संपते. म्हणून पहिला चीक अर्ध्या-एक तासात पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात एकूण अडीच-तीन लिटर. वार पडण्याची वाट पाहत वासराला ताटकळत ठेवण्याची अनेक गोठ्यांतील रीत घातक आहे. त्या विलंबाची किंमत वासरू पुढच्या महिन्यात हगवणीने चुकवते.

इथे मध्यमवर्गीय घराचाही संबंध येतो. खरवस हा आपला जिव्हाळ्याचा पदार्थ. वेलची-केशर घातलेली त्याची वडी कोणाला आवडत नाही? भरपूर दूध देणाऱ्या गायी-म्हशीचा चीक वासराच्या गरजेहून अधिक असतो, त्यामुळे खरवस खाणे हे पाप नव्हे. परंतु चिकाला बाजारात दुधाहून चढा भाव मिळतो, म्हणून पहिल्याच धारेचा चीक जर थेट गिऱ्हाइकाकडे जात असेल, तर आपल्या ताटातली वडी एका वासराच्या आयुष्यातून कापलेली आहे. ‘वासराला पाजून उरलेला आहे ना?’ एवढा एक प्रश्न विक्रेत्याला विचारण्यास काय हरकत आहे?

पुढचे नियमही साधेच आहेत. नाळ निर्जंतुक धाग्याने बांधून कापावी, टिंक्चर आयोडीन लावावे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात वासरू ओल्या फरशीवर बांधणे म्हणजे न्यूमोनियाला निमंत्रण. त्याखाली कोरडा पेंढा आणि बाजूला वाऱ्याचा आडोसा हवा. दूध ठरल्या वेळी, अंगाइतके कोमट आणि स्वच्छ भांड्यातून द्यावे. हगवण लागली की पाणी तोडू नये. मीठ-साखरेचे पाणी पाजत राहून पशुवैद्याला गाठावे, कारण वासरू हगवणीपेक्षा अंगातले पाणी आटल्याने लवकर दगावते. म्हशीच्या पारडांना आईच्या दुधातूनच जंतांची बाधा होते, म्हणून जंताचे पहिले औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने दोन आठवड्यांच्या आतच द्यावे. दुसऱ्या आठवड्यापासून भरडलेल्या धान्याचा खुराक, मऊ सुके गवत आणि स्वच्छ पाणी समोर ठेवावे. नवजात वासराचे कोठीपोट नाममात्र असते. दुधाने ते वाढत नाही, भरड्याने आणि चाऱ्याने वाढते. तीन महिन्यांत ते कामाला लागले की दूध तोडता येते. अशा रीतीने वाढलेली संकरित कालवड अडीच वर्षांच्या आसपास विते. उपाशी वाढलेली कालवड आणखी वर्ष-दीड वर्ष नुसती खात राहते. म्हणजे वाचवलेले दूध अखेरीस वाचतच नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्यात कुपोषणाने बालके दगावली, १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या मृत्यूंनी उभा महाराष्ट्र हादरला, तिथे माणसाच्या लेकराआधी वासराच्या दुधाची चिंता वाहणे शोभते काय? प्रश्न रास्त आहे. परंतु डोंगरातल्या ज्या वनवासी कुटुंबाकडे एखादी डांगी किंवा गावठी गाय आहे, तिथली वस्तुस्थिती पाहावी. ही गाय वासराशिवाय पान्हाच सोडत नाही. वासरू मेले की दूध आटते आणि लेकराच्या वाटीतले दूधही जाते. वासराला पोसणे हेच तिथे लेकराला पोसणे आहे. मुसळधार पावसात टिकणारी डांगी जनावरे, २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झालेली कोकण कपिला, ही या भूमीची कमाई आहे. थोडे दूध, परंतु खाचरात राबणारा बैल आणि शेताला शेण देणारे हे धन वासराच्या रूपानेच पुढच्या पिढीकडे जाते. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणातच शाळा भरवली. लेकरू आणि गुरू यांना एकमेकांपासून तोडून या डोंगराचा विचार करता येत नाही, हे त्या दोघींनी ओळखले होते.

आता सर्वांत कठीण प्रश्न गोऱ्ह्याचा. तबेलेवाल्याला ‘पाळ’ म्हणणे सोपे, परंतु पाळण्याचा खर्च कोणी सोसायचा? इथे घोषणा उपयोगी पडत नाहीत. सावरकरांनी गायीला उपयुक्त पशू म्हटले आणि पूजनापेक्षा पालनावर भर दिला, तेव्हा अनेक श्रद्धावंत दुखावले. त्यांच्याशी सर्व बाबतींत सहमत नसणाऱ्यालाही एवढे मान्य करावे लागेल, की पालनाविना पूजन हे ढोंग होय. लिंगवर्गीकृत रेतनामुळे आता दहांतून नऊ वेळा कालवडच जन्मते. शासन ते सवलतीत उपलब्ध करून देते. नको असलेला जीव जन्माला घालून उपाशी मारण्यापेक्षा तो जन्मालाच न येणे अधिक धर्म्य नाही काय? जे गोऱ्हे जन्मतील त्यांतील सशक्त देशी गोऱ्हे खाचरांच्या गावांत बैल म्हणून जावेत, बाकीच्यांसाठी गोशाळांनी दार उघडे ठेवावे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि नोंदणीकृत गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपयांचे अनुदान ठरविले. राज्यमातेचे वासरू या घोषणेत कुठे बसते, हे विचारण्याचा अधिकार गोभक्तांनाच आहे. नुसत्या गायी मोजणाऱ्या गोशाळेपेक्षा किती वासरे आली, किती जगली याचा फलक दारावर लावणारी गोशाळा आम्ही अधिक मोठी मानू.

या जिल्ह्यात कामाची परंपरा आहे. माधवराव काणे यांनी १९६७ मध्ये तलासरीत वनवासी मुलांसाठी उभे केलेले केंद्र पिढ्या घडवीत आले आहे. केशवसृष्टीची ग्रामविकास योजना इथल्या पाड्यांवर पोहोचली आहे. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. कमी आहे ती वासराकडे पाहणाऱ्या नजरेची. प्रत्येक वस्तीतील दोन-तीन कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील तबेल्यांशी संबंध जोडावा. दंडुका घेऊन नव्हे, आयोडीनची बाटली आणि जंताचे औषध लिहून देणारा पशुवैद्य सोबत घेऊन. आठवड्यातून एकदा वासरे पाहावीत, वजनाची फीत लावावी, वहीत नोंद करावी. गृहसंकुलांतील भगिनींनी दूध घेताना भावाबरोबर वासरांचीही चौकशी करावी आणि जो तबेला वासरे नीट जगवतो त्याला लिटरमागे दोन रुपये अधिक द्यावेत. शंभर घरांनी रोज एक लिटरमागे दोन रुपये दिले तर महिन्याला सहा हजार होतात. दुग्धपर्यायी भुकटी आणि भरडा यांवर काही वासरे सांभाळण्याचा मोठा भार त्यातून उतरू शकतो. गोरक्षणासाठी रस्त्यावर रात्र जागवण्याची आपल्या तरुणांची तयारी असते. गोठ्यात एक पहाट जागवणे त्याहून अवघड नाही. फक्त तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसते.

व्रत एका दिवसाचे असते ते उरलेल्या दिवसांना वळण लागावे म्हणून. वसुबारसेला आपण दूध वर्ज्य करतो तेव्हा वासराला काही दान देत नाही. त्याचे त्याला परत करतो. तो वाटा त्याला वर्षभर मिळावा, एवढेच सवत्स धेनूचे मागणे आहे. ज्या समाजाने मायेला वासराचे नाव दिले, त्याला हे मागणे जड जाऊ नये.